खिडक्यांचा वरचा भाग मोकळा करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा, कार्यालये आणि वाचनालये यांच्या इमारतींची डागडुजी व रंगरंगोटी आपल्याकडे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत उरकली जाते. त्यानंतर साताऱ्यात पावसाळा सुरू झाला की आकाश दिवसचे दिवस झाकोळलेले राहते आणि वर्गांतून, कचेऱ्यांतून भर दुपारी दिवे लावल्यावाचून अक्षर दिसत नाही. या अंधाराचे खापर आपण पावसावर फोडतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा आपणच बुजवून टाकलेल्या खिडक्यांचा आहे आणि तो डागडुजीच्या याच हंगामात थोड्या खर्चात दूर करता येण्यासारखा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शहरातील कोणत्याही जुन्या दगडी शाळेकडे किंवा कचेरीकडे बाहेरून पाहावे. उंच छत, उभी खिडकी आणि तिच्यावर छताजवळ वेगळी झडप अशी रचना तेथे हमखास दिसते. आत गेल्यावर मात्र त्या झडपांवर कोठे प्लायवुड ठोकलेले असते, कोठे वर्तमानपत्र चिकटवून वर रंग फासलेला असतो, कोठे नव्या फॉल्स सीलिंगने त्या पूर्णपणे झाकून टाकलेल्या असतात, तर कोठे खिडकीला लागून ठेवलेल्या कपाटांवर जुन्या दप्तरांचे गठ्ठे थेट छतापर्यंत रचलेले असतात. खालची खिडकी उघडी आहे, तेव्हा उजेडाला काय अडचण, असे अनेकांना वाटते. परंतु खोलीच्या आतल्या अंगाला जो उजेड पोहोचतो, तो प्रामुख्याने खिडकीच्या वरच्या भागातूनच येतो.

एका बाजूला खिडक्या असलेल्या खोलीत कामापुरता उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत जातो, असा वास्तुरचनेतील ठोकताळा आहे. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल, तर तो चौदा ते सतरा फूट आत जाईल, म्हणजे वीस फूट रुंदीच्या वर्गातील शेवटच्या रांगा अंधाऱ्या राहतील. त्याच भिंतीत नऊ फुटांवर उघडी झडप असेल, तर उजेड अठरा ते बावीस फुटांपर्यंत जाऊन समोरच्या भिंतीला भिडतो. पावसाळ्यात तर या झडपेचे महत्त्व आणखी वाढते, कारण पूर्ण ढगाळ आकाशाचा डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी असतो, आणि उंचावरच्या झडपेतून आकाशाचा हाच वरचा भाग खोलीला अधिक दिसतो. ज्या चार महिन्यांत उजेडाची सर्वांत जास्त गरज, त्या चार महिन्यांत सर्वांत उपयोगी पडणारी फटच आपण बंद करून ठेवलेली असते.

लिहिण्या-वाचण्यासाठी साधारण 300 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका उजेड पुरेसा मानला जातो. आपल्या देशातील मानकांत हिशेबासाठी, थेट उन्हाचा भाग वगळून, बाहेरचा उजेड अवघा 8,000 लक्स धरला जातो. प्रत्यक्ष उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे त्या 8,000 लक्सचाही चार टक्क्यांहून कमी अंश मेजापर्यंत पोहोचला, तरी दिवा लावण्याचे कारण उरत नाही. मागणी इतकी माफक असूनही ती भागत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

झडपा मोकळ्या केल्यानंतरचा प्रश्न रंगाचा. चांगल्या पांढऱ्या रंगाची भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग परत फेकते, गडद तपकिरी किंवा गडद निळी भिंत जेमतेम दहा ते वीस टक्के. असे असताना डाग दिसू नयेत म्हणून सरकारी इमारतींत छातीइतक्या उंचीचा तपकिरी ऑईल पेंटचा पट्टा मारण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे. पट्टा हवाच असेल, तर तो फिकट रंगाचा असावा आणि छत मात्र निखळ पांढरे असावे. याहून दुर्लक्षित जागा म्हणजे खिडकी आणि झडप यांच्या मधल्या छज्जाचा वरचा पृष्ठभाग. तो शेवाळाने काळा पडलेला असतो. तो घासून पांढरा केला, तर आकाशाचा उजेड त्यावर आपटून झडपेतून थेट छतावर जातो आणि तेथून खोलीभर पसरतो. परदेशात यासाठी खास आडव्या फळ्या बसवतात. आपल्या जुन्या इमारतींना ती सोय मुळातच आहे, तिला दरवर्षी चुन्याचा एक हात हवा. मच्छरांच्या जाळ्या धुळीने भरलेल्या असतात, त्याही याच वेळी काढून धुवाव्यात.

खिडक्या उघडल्या की उन्हाळ्यात खोली तापेल, ही भीती रास्त आहे, पण ती सगळ्या दिशांना सारखी लागू नाही. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दहा तारखेच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरचे ऊन लहानसा छज्जाही अडवतो आणि उत्तरेची खिडकी तर बहुतेक वर्षभर निर्धोक असते. खरा त्रास पश्चिमेच्या तिरप्या उन्हाचा. तेथे बाहेरून चिकाचा पडदा किंवा झाड असावे. काळी फिल्म चिकटवू नये, कारण ती उन्हाच्या दोन तासांसाठी उरलेल्या सगळ्या दिवसाचा उजेड कापते. डिजिटल वर्गांतील जाड पडदेही प्रोजेक्टर चालू असेल तेवढाच वेळ ओढलेले असावेत.

पेठांमधील जुन्या वाड्यांविषयीही लिहायला हवे. वाड्याचा चौक हा माजघराचा उजेड होता. खोली वाढवण्यासाठी चौकावर स्लॅब घातला की मधल्या खोल्यांत सकाळी दहालाही दिवा लागतो. माण-खटाव भागातील माळवदाच्या घरांना छतात लहानसे सवणे ठेवत, कौलारू घरांत एखादे काचेचे कौल बसवत. एवढ्याशा भोकातून स्वयंपाकघर उजळत असे. पत्र्याच्या शेडमध्ये आज एक पारदर्शक पत्रा तेच काम करतो, मात्र छतातून उजेडाबरोबर उष्णताही येत असल्याने तो बेताचाच असावा. नव्या सदनिकांत डक्टच्या, म्हणजे इमारतीच्या आत हवा-उजेडासाठी सोडलेल्या पोकळीच्या, भिंती पांढऱ्या रंगवणे हा सोसायटीच्या एका ठरावाचा प्रश्न आहे. जुन्या भिंतीत नवी खिडकी फोडायची असेल, तर मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

यातून वीजबिल फार घटेल, असा दावा मी करणार नाही. वीस वॅटच्या सहा एलईडी नळ्या सहा तास जळल्या, तरी एका वर्गाची वीज पाऊण युनिटही होत नाही. खोल्या शेकडो असल्या की ही रक्कम मोठी होते, हे खरे; पण पावसात वीज जाते तेव्हा वर्ग बंद पडू नये आणि अभ्यासिकेत दिवसाचे दहा-दहा तास बसणाऱ्या मुलामुलींना दिवसाचा उजेड दिसावा, हे मला अधिक मोलाचे वाटते. अनेक अभ्यासिकांत बसण्यासाठी प्लायवुडचे कप्पे करताना खिडक्याच बंद केल्या जातात. कप्पे ठेवावेत, पण त्यांची उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकीच असावी. दिव्यांचे बटणही खिडकीजवळच्या रांगेसाठी वेगळे असावे, नाहीतर आतल्या चार बाकांसाठी सगळी खोली पेटवावी लागते.

नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांना माझी विनंती आहे की, या वर्षीच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात झडपा मोकळ्या करणे, काचा व जाळ्या धुणे आणि छज्जाचा वरचा भाग पांढरा करणे ही तीन कामे स्वतंत्र बाबी म्हणून घालावीत. सुरुवातीला एकच शाळा निवडावी, कामाच्या आधी आणि नंतर, सारख्याच आकाशाच्या दिवशी व त्याच वेळी, शेवटच्या बाकावर लक्समीटर ठेवून नोंद घ्यावी आणि ते दोन्ही आकडे आपल्या वृत्तपत्राकडे प्रसिद्धीसाठी पाठवावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा