भूशास्त्र विभागाचे वार्षिक वृत्त: मजकूर लवकर पाठवा

सर्व माजी विद्यार्थ्यांना नमस्कार. विभागाचे यंदाचे वार्षिक वृत्त चतुर्थीपूर्वी काढायचे आहे, म्हणून आपापली खबर या रविवारपर्यंत ग्रुपवर टाका. नोकरी, पीएचडी, बढती, निवृत्ती, काहीही चालेल. नुसते 'सगळे ठीक' नको. गोव्यातल्या 2012 च्या लोहखनिज खाणबंदीनंतर आपल्यातले काही जण भूजलाकडे, बांधकामाकडे वळले. त्यांनी चार ओळी जरूर लिहाव्यात, शेवटच्या वर्षाची मुले त्याच आधी वाचतात. अनमोड घाटातल्या 300 कोटी वर्षांहून जुन्या नाइसचा (पट्टेदार रूपांतरित खडकाचा) फोटो कोणाकडे असल्यास उत्तम, मात्र आकार कळायला शेजारी हातोडा किंवा नाणे हवे. स्केलशिवायचा फोटो सर छापत नाहीत, माहीत आहेच. चिऱ्यांच्या खाणीतले सेल्फी आवरा.