विजय दिवसाच्या स्टेजवरून घरी आल्यावर काय होतं: माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय, माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

साहेब, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची, माजी सैनिकाची मुलगी. हे पत्र पेन्शनसाठी नाही, जमिनीसाठी नाही, घरपट्टी माफ केली त्याबद्दल तर आभारच आहेत. माझं मागणं जरा वेगळं आहे, ते सैनिक कल्याण कार्यालयातल्या कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत जी पोरं विशीत होती ती आता पंच्याहत्तरीच्या आसपास आलीयेत, दरवर्षी त्यातली काही जातात, आणि लढाईनंतर त्यांच्या घरात काय काय झालं हे त्यांना कुणी कधी नीट बसून विचारलेलंच नाही. ते विचारणारी माणसं सरकारने घरोघरी पाठवावीत. एवढंच मागायचंय, पण का मागतेय ते सांगायला थोडा वेळ लागेल, तेवढं वाचा.

आमचे आण्णा जंगी पलटणीत होते, म्हणजे पहिली मराठा लाईट इन्फंट्री, १७६८ साली उभी राहिलेली. बेळगावला ट्रेनिंग झालं आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला. नवीन पोरांना हे नाव माहीत नसतं म्हणून सांगते, ब्रह्मपुत्रेच्या काठावरचं हे गाव, तिथे पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्कं ठाण मांडून बसलेली. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्यांचे कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी घालून पाठवली. हा किस्सा भाषणात हमखास असतो आणि टाळ्याही पडतात. त्यानंतर १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण वेढा फोडून ढाक्याकडे निघाली आणि रस्ता अडवून बसलेल्या आमच्या मराठ्यांवर येऊन आदळली. रात्रभर चाललं ते. पुढे टांगाईलच्या बाजूला पुंगलीच्या पुलापाशी छत्रीने उतरलेल्या आपल्या २ पॅरा पलटणीची गाठ पडली, आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती, ९३ हजार कैदी, हे सगळं पुस्तकात आहे.

जे पुस्तकात नाही ते ११ तारखेच्या सकाळचं. आण्णा त्या सकाळबद्दल आयुष्यात एकदाच बोलले, माझ्या भावाला भरतीला जायचं होतं तेव्हा, जेवणं झाल्यावर, आणि ते पण मोजून चार वाक्यं. म्हणाले, "उजाडलं तवा दिसलं किती पडल्यात ते. रातच्याला नुसती सावली दिसती, मानूस दिसत न्हाई. पोरंच हुती वं, आमच्याएवढीच. त्यास्नी उचलायचं काम आमच्याकडं आलं." एवढं बोलून उठले आणि गोठ्यात गेले. भावाला जाऊ नको म्हणाले नाहीत. जा पण म्हणाले नाहीत.

दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिवस असतो, कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला आण्णांना गाडी येते, फेटा बांधतात, शाल, श्रीफळ, मोठ्या आवाजात गाणी. मान देणाऱ्यांच्या मनात खोट नसते हे मला माहितीये, आण्णांना पण माहितीये, म्हणून ते जातात, बोलावलं तर नाही म्हणायचं नाही ही त्यांची शिस्त आहे. पण त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवत नाहीत साहेब. शाल घडी घालून आईकडे देतात आणि अंगणात खुर्ची टाकून पाठ भिंतीला लावून बसतात, आणि आम्ही कुणी काही बोलत नाही कारण काय बोलायचं ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. मारलेल्या माणसांचा विचार करणारा सैनिक स्टेजवर बसवायला अवघड जातो. त्याला बोलायची दुसरी जागा तरी द्या, तीच जागा मी मागतेय.

बाकीच्या दिवसांत आण्णा कसे असतात ते पण लिहायला पाहिजे, नाहीतर वाटेल घरात नुसता अंधार आहे. तसं अजिबात नाही. पहाटे चारला उठतात, पहिला चहा स्वतःच करतात, बशीत ओतून भुरकत, सोबत आकाशवाणी सांगली. पावट्याच्या, मटाराच्या दिवसात आईच्या शेजारी बसून शेंगा सोलायचं काम त्यांचं, कुणाला हात लावू देत नाहीत. हरभऱ्याचे डहाळे आले की नातवंडांना घेऊन बांधावर हावळा भाजणार, तोंड काळी करून सगळी परत येणार. बेंदराला बैलांची शिंगं रंगवायला दोन दिवस आधीपासून तयारी. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, ठेचा, बास. गरम खायला मिळतंय यापेक्षा मोठी श्रीमंती नाही असं ते पाहुण्यांना पण सांगतात, आणि ते म्हणायचं म्हणून म्हणत नाहीत, खंदकात दिवस दिवस थंड पुरी आणि शक्करपारे खाल्लेला माणूस म्हणतोय ते. दिवाळीत आई शंकरपाळ्या करते, डबा भरून, आम्हा सगळ्यांना आवडतात. आण्णा एक तुकडा पण तोंडात घालत नाहीत. लहान असताना वाटायचं गोड आवडत नसेल, पण पुरणपोळी तर दोन दोन खातात. मग एकदा आईनेच सांगितलं, तिकडं तेच खायचे म्हणून.

तीच दिवाळी. फटाके सुरू झाले की आण्णा रानातल्या खोपीवर झोपायला जातात, राखणीला जातो म्हणून सांगतात, राखायला त्या दिवसात तिथे काही नसतं. लग्नात आदल्या, म्हणजे मोठ्या आवाजाचे बार, वाजल्या तर आधी नातवंडं कुठेत ते बघतात. पन्नास वर्षं उलटून गेली तरी. सरकारी हिशोबात आण्णा जखमी नाहीत, अंगावर ओरखडा नाही, मेडिकल कॅटेगरी चांगली, डिसॅबिलिटी शून्य. त्यांच्यासारखे किती असतील आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडात, विचार करा.

आणि आई. लढाई झाली तेव्हा लग्नाला एक उन्हाळा झालेला. पत्र टाकायचं तर पलटणीचं नाव आणि मार्फत ९९ ए.पी.ओ., म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता, नवरा नक्की कुठल्या गावात आहे ते कळायची सोय नाही. १६ तारखेला रेडिओवर लढाई संपली म्हणून कळलं, गावात गुलाल उधळला, पण आण्णांचं पत्र आलं ते संक्रांत होऊन गेल्यावर, म्हणजे एक महिना सगळं गाव आनंदात आणि ही एकटी रोज दाराकडे बघत. तेव्हा तार आली की घरात रडारड आधी आणि वाचणं नंतर. २०१३ च्या जुलैमध्ये तार सेवा बंद झाली तेव्हा टीव्हीवर लोक शेवटची तार पाठवायला रांगा लावून उभे होते, जुन्या आठवणी सांगत होते. आई भाजी निवडत होती, म्हणाली "बरं झालं, मेली एकदाची." तिच्या आवाजात इतका राग मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आईला कधी कुणी स्टेजवर बोलावलेलं नाही, आणि तिने जे सोसलं त्याची तर कुठे एक ओळ पण नाही.

न लिहिलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं ते आपल्याच भागात दिसतं साहेब. पहिल्या महायुद्धाच्या आठवणीच्या संगमरवरी पाट्या आपल्याकडे जुन्या गावांत अजून सापडतात, या गावातून इतके लोक लढाईला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे, नाव एक नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जण त्या लढाईत गेले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, कुत अल अमाराच्या वेढ्यात अडकल्या, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, शेवटी शेवटी घोड्याचं मांस खायची वेळ आली, आणि शरणागतीनंतर जे कैदेत गेले त्यातले कितीतरी वाटेतच संपले. बसऱ्याला त्या आघाडीच्या मृतांचं मोठं स्मारक उभं केलं, त्यावर इंग्रज शिपायांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आणि आपल्या साध्या शिपायांचे फक्त पलटणवार आकडे. २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्या अहवालात ही असमानता मान्य केली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. पण माफी येईपर्यंत त्या शिपायांची पोरं, नातवंडं पण गेलेली. ते कुतमध्ये काय बोलायचे, घरची काय आठवण काढायचे, परत आलेल्यांना रात्री झोप लागायची का, हे आता कोण सांगणार? तो तरी परक्या सरकारचा कारभार होता. १९७१ ची पलटण आपल्या देशाची आहे, सरकार आपलं आहे आणि त्यातली माणसं अजून बोलू शकतात.

काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. खडकीला कमरेखाली अधू झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे, तिथल्या लोकांचं काम बघून आदराने मान झुकावी असं आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिकचं सुवर्ण आणलं, पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. दिसणारी जखम घेऊन जगणाऱ्या एवढ्या मोठ्या माणसाची आठवण यायला इतकी वर्षं लागली तर न दिसणाऱ्या जखमेचं काय होणार. मानसिक आजारासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, चांगली गोष्ट आहे, पण आण्णा फोन उचलून अनोळखी माणसाला मला झोप येत नाही असं सांगतील हे शक्य नाही. त्यांच्या पिढीला त्रास सांगणं म्हणजे पलटणीचं नाव घालवणं वाटतं. म्हणून माणूसच घरी यायला पाहिजे, आणि एकदा येऊन चालणार नाही, विश्वास बसेपर्यंत यायला पाहिजे.

तर मागणं स्पष्ट लिहिते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची नोंद आहेच, त्यातून १९६२, १९६५, १९७१ आणि श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेले असे सगळे काढा, श्रीलंकेवाल्यांना तर कुणी विचारतच नाही. वयाने मोठे आहेत त्यांच्याकडे आधी जा. इतिहासाची, मानसशास्त्राची कॉलेजची पोरं घ्या, त्यांना आधी नीट ट्रेनिंग द्या, म्हातारा माणूस गप्प झाला की गप्प बसायचं हे शिकवा. बोलणं रेकॉर्ड करा पण परवानगीने, आणि ज्यांना हयात असेपर्यंत कुणी ऐकू नये असं वाटतं त्यांचं तसं बंद ठेवा. घरातल्या बाईचं वेगळं रेकॉर्ड करा, नवऱ्याच्या समोर नको. आणि त्यात नुसती लढाई विचारू नका, गावी परत आल्यावर पहिल्यांदा काय खाल्लं, पहिली झोप कधी लागली, कुठल्या आवाजाला अजून दचकता, कशात जीव रमतो, हे पण विचारा. प्रत्येक जिल्ह्याला एक समुपदेशक द्या जो गावात फिरेल, ऑफिसात बसून राहणार नाही.

खर्च फार येणार नाही, एका जिल्ह्याच्या विजय दिवसाच्या मंडप आणि साऊंडमध्ये बरंच काम होईल. आमच्या तालुक्यापासून सुरू करायचं असेल तर गावोगावची यादी मी आणि माझ्यासोबतच्या दोन शिक्षिका काढून देतो, त्यासाठी मानधन नको. माणूस पाठवाल तो सातारी समजणारा पाठवा, जाड इंग्रजी फॉर्म घेऊन येऊ नका, पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नका आणि संध्याकाळी पाचनंतर या, त्याआधी आण्णा रानात असतात. आणि हे या डिसेंबरच्या आधी सुरू करा साहेब.

आपली,
एका माजी सैनिकाची आणि त्याच्या बायकोची मुलगी
जि. सातारा