वहीत पूर्ण नाव लिहिणाऱ्या मामांना

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या तासांचं बिल मंजूर झालं. जुलैपासून अडकलेले प्रात्यक्षिकांचे सगळे तास धरले, एकही कापला नाही. ऑफिसनं शेवटी ज्या कागदावर भरवसा ठेवला, तो आपली मानसशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळताना तुम्ही लिहिता त्या साहित्य देवघेव वहीचा झेरॉक्स होता. कॉरिडॉरमध्ये घाईघाईत 'थँक्यू मामा' म्हटलं, पण तेवढ्यानं समाधान होईना. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड.

बाहेरच्यांना वाटतं, वर्ग घेतला की पैसे मिळाले. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या नेमणुकीत, तसं होत नाही. महिन्याच्या विवरणात तारीख, वेळ, वर्ग, घटक आणि मिनिटं भरायची, विभागप्रमुखांची सही घ्यायची, मग ऑफिस ते वेळापत्रकाशी ताडून बघतं. थिअरीचा दर वेगळा, प्रात्यक्षिकाचा वेगळा, म्हणून दोन रकाने. घोळ होतो तो इथंच. मुंबईत पावसानं लोकल बंद पडली की गुरुवारची बॅच शनिवारी घ्यावी लागते. परीक्षेच्या बैठकीला खोली गेली की दोन बॅचेस एकत्र कराव्या लागतात. मुलं शिकतात, जर्नल पूर्ण होतं, पण वेळापत्रकात शनिवार कोराच असतो, आणि कोरा रकाना म्हणजे तास झालाच नाही. त्यात एकाच विभागात तासिका तत्त्वावरचे दोघं असले आणि वेळापत्रकात दोघांच्याही जागी नुसतं 'सीएचबी' (क्लॉक अवर बेसिस, तेच तासिका तत्त्व) लिहिलेलं असलं, तर कोणी काय घेतलं हे सहा महिन्यांनी कोण सांगणार?

तुमची वही सांगते. तारीख, वर्ग, बॅच, प्रयोग, साहित्य, नेल्याची वेळ, परत केल्याची वेळ, साहित्याची स्थिती, घेणाऱ्याचं नाव आणि सही. पहिल्याच दिवशी तुम्ही पेन हातात धरून थांबलात आणि म्हणालात, "मॅडम, पूर्ण नाव सांगा. मधलं नावही. नेमणूकपत्रावर जसं असेल तसंच." मग वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, तेही विचारलंत. निळ्या शाईत, सावकाश, एकेक अक्षर सुटं. त्यानंतर प्रत्येक वेळी ते तसंच लिहिलंत. कधी 'वरीलप्रमाणे' नाही, कधी दोन टिंबं नाहीत.

एवढीच गोष्ट. पण तासिका तत्त्वावर काम केलेल्या कुणालाही विचारा, ही केवढी गोष्ट आहे. आधीच्या कॉलेजांत हजेरीपटाच्या शेवटी पेन्सिलनं 'सीएचबी-२' लिहिलेलं असायचं. स्टाफरूममध्ये कप्पा मागितला तर 'तुमचं काय, मार्चपर्यंतच ना' हे उत्तर. अनुभवाचा दाखला मागायला गेल्यावर 'कोण तुम्ही?' असं विचारणाऱ्यांनी त्याच माणसाकडून तीन पेपर तपासून घेतलेले असायचे. त्यांच्यापैकी कुणी दुष्ट नव्हतं. माणूस चार-सहा महिन्यांत जाणार, मग नाव कशाला लक्षात ठेवायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

तो हिशेब माणसाचं किती नुकसान करतो, हेही लिहायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना अध्यापनाच्या एका वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०. वर्ष भरलं नसेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे दाखल्यावरच्या 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन तारखांवर गुण ठरतात. जावक क्रमांक नाही, नेमणुकीचं स्वरूप लिहिलेलं नाही, नेट-सेट या पात्रता परीक्षांच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं, अशा फटींतून वर्षंच्या वर्षं गळून जातात. वडिलांचं नाव की नवऱ्याचं, हा घोळ बाईमाणसाच्या वाट्याला जास्त येतो. तुम्ही पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र का मागितलंत, ते आता कळतं.

तुमचं दुसरं ऋण प्रयोगशाळेतलं. मानसशास्त्राला कुठली आलीय प्रयोगशाळा, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना पावसाळ्यात आपल्या तिसऱ्या कपाटासमोर उभं करावं. म्युलर-लायरच्या पाटीची, म्हणजे बाणांच्या टोकांमुळे समान रेघा लहान-मोठ्या दिसण्याचा भ्रम मोजायच्या पाटीची, सरकपट्टी दमट हवेनं फुगते आणि अडकते. प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे तो, ती हलकेच सरकवायला जातो, ती झटक्यानं पुढं जाते, आणि रेघा समान दिसतात तिथं थांबण्याऐवजी तो पट्टी अडेल तिथं थांबतो. डावी-उजवी बाजू आणि आत-बाहेर सरकवणं मिळून चार प्रकार, प्रत्येकी १० प्रयत्न धरले तरी ४० मापं. त्यातला निम्मा दोष लाकडाचा असेल तर भ्रमाची सरासरी काढून काय उपयोग? तुम्ही तेल कधी लावू दिलं नाहीत. तेलानं पुठ्ठ्यावर डाग पडतात, धूळ धरते. पांढरी मेणबत्ती कडेनं दोनदा घासायची आणि कोरड्या फडक्यानं पुसायचं. पट्टी सरकते, पण पाटी कलती धरली तरी आपोआप घसरत नाही.

आरसा-रेखनाच्या, म्हणजे आरशात बघून आकृती गिरवायच्या यंत्राचंही तसंच. धातूच्या पट्टीवर गंज चढला की लेखणी रेषेबाहेर गेली तरी गणक चूक मोजत नाही. मुलं खूश, चुका कमी! तुम्ही बॅच यायच्या आधी लेखणी मुद्दाम बाहेर टेकवून बघायचात, आकडा वाढला तरच यंत्र टेबलावर ठेवायचात. मेमरी ड्रमला, म्हणजे पाठ करायचे अक्षरसमूह ठरावीक वेगानं एकेक करून दाखवणाऱ्या यंत्राला, तर तुमची कसोटी ठरलेली. एका अक्षरसमूहाला २ सेकंद, म्हणजे ३० समूह बरोबर ६० सेकंदांत खिडकीतून गेले पाहिजेत. ६६ लागले की तुम्ही ड्रम बाजूला ठेवायचात. वेग मंदावला म्हणजे पाठ करायला जास्त वेळ मिळाला, मग दोन बॅचेसची तुलनाच करता येत नाही. पदव्या असलेल्या किती जणांना हे सुचतं?

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्मृतीवरचं संशोधन छापलं, त्यासाठी त्यानं निरर्थक अक्षरसमूह वापरले होते. मराठीत तशी यादी करणं महाकठीण, कारण व्यंजन, स्वर, व्यंजन जोडलं की कुठं ना कुठं शब्द होतोच. नवी यादी ड्रमवर चढवताना तुम्ही थांबलात आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलंत. "मॅडम, ही चूळ झाली की. चूळ भरतो ती." खरंच होती. ती राहिली असती तर सगळ्या बॅचला सातवा समूह सर्वांत आधी पाठ झाला असता, आणि जर्नलमध्ये आम्ही त्याचं भलतंच कारण लिहून बसलो असतो.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठी मदत आठवते. कुणी नोकरी दिली, कुणी पैसे दिले. मला तो आता तुमच्यासारख्या माणसांत दिसतो. समोरचा किती दिवस राहणार हे न मोजता ती आपलं काम पुरतं करतात. तुमची स्वतःची रजा मंजूर व्हायला किती खेटे घालावे लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा राग तुम्ही आमच्यावर कधी काढला नाहीत. तो काढणं या शहरात किती सोपं असतं!

सत्र संपलं. चावी ऑफिसात दिली आहे. नव्या यादीच्या दोन प्रती मेमरी ड्रमच्या खोक्यात आहेत, 'चूळ' काढून. सिलिका जेलचे निळे मणी गुलाबी झालेत, जून लागायच्या आत पुड्या बदलाव्या लागतील. दोन मेणबत्त्या वरच्या खणात ठेवल्या आहेत. आणि वहीतल्या शेवटच्या नोंदीवर परतीची सही राहिली होती, ती काल येऊन केली.

तुमची,
मानसशास्त्राच्या मॅडम