दगडीच्या म्हशीचे दूध रेडकाला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँटिबायोटिकच्या अतिवापराबद्दल आपल्या भागात आता बरेच बोलले जाते. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळ्या घेऊ नका, कोर्स अर्धवट सोडू नका, हे लोकांच्या कानावर पडलेले आहे. पण दुधात औषधाचा अंश उरला तर मात्र "एवढ्याशानं काय होतंय?" म्हणून विषय संपतो. मला त्या एवढ्याशाबद्दलच लिहायचे आहे.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे म्हशीला दगडी, म्हणजे कासेला जंतुसंसर्गाची सूज, झाली की सडात ट्यूब सोडतात, जोडीला इंजेक्शन. उपचार चालू असताना आणि नंतरही ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण दूध ओतून देणे जिवावर येते. मग ते रेडकाला पाजतात. गावच्या डेअरीत निदान फॅट आणि डिग्री तरी बघतात, रेडकू बिचारे काहीच विचारत नाही. उकळून पाजले तरी औषध पूर्ण जात नाही. म्हणजे आतड्यातले जिवाणू मरणार नाहीत, पण त्यांना औषधाची चाहूल लागत राहील, अशी मात्रा दोन्ही वेळा पोटात जाते.

ही चाहूलच घातक. औषधाला दाद न देण्याचे गुण जिवाणू फक्त आपल्या पिलावळीलाच देतात असे नाही. एका जिवाणूकडची जनुके दुसऱ्याकडे जातात, हे लेडरबर्ग आणि टेटम या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1946 मध्ये दाखवले; त्यासाठी दोन जिवाणू एकमेकांना जोडले जातात. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावे लागतात असेही नाही. आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्स जिवाणूंमध्ये तर टेट्रासायक्लिनच्या किरकोळ मात्रेने ही देवाणघेवाण शेकडो पटींनी वाढते. ज्या औषधाने त्यांना रोखायचे, तेच देवाणघेवाणीची कळ दाबते! सिप्रोफ्लॉक्सॅसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची तऱ्हा वेगळी. त्याने जिवाणूच्या डीएनएला इजा होते, पेशीतली बचावाची यंत्रणा जागी होते आणि हस्तांतराच्या जनुकांवरचा लगाम सुटतो. घराला आग लागल्यावर हाती लागेल ते शेजारच्या अंगणात फेकावे, तसे. पटकीच्या (कॉलराच्या) जिवाणूत हे 2004 मध्ये सिद्ध झाले. त्यातला जनुकांचा गठ्ठा 1992 च्या मद्रासकडच्या साथीतल्या जिवाणूत सापडलेला होता, आणि त्यात एकाच वेळी चार औषधांना न जुमानण्याची सोय होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हल्ली घाबरवण्याची फॅशन आहे. प्रत्येक औषधाने असे होते असे नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, अनेकदा हस्तांतराचा वेग वाढलेलाच नसतो. जनुके मिळालेले जिवाणू औषधात तगतात, बाकीचे मागे पडतात, आणि आपल्याला वाटते देवाणघेवाण वाढली. मान्य. पण रेडकाच्या मालकाला त्याने काय फरक पडतो? दाद न देणारे जिवाणू शेणात येणार, शेण उकिरड्यात, तिथून रानात. शिवाय जिवाणू रोखायला जेवढे औषध लागते त्याच्या कितीतरी पट कमी मात्रेतही असे जिवाणू वरचढ ठरतात, हे स्वीडनमध्ये 2011 मध्ये दिसलेले आहे.

अथणीकडे डाळिंबावर तेल्या रोग आला की स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या मिश्रणाची फवारणी होत आली आहे. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचे सांडपाणी पावसाळ्यात भातात शिरते, ते तर आपण दरवर्षी वाचतोच. कोंबड्यांच्या खाद्यातले कोलिस्टिन हे अँटिबायोटिक केंद्राने 2019 मध्ये बंद केले, ते चांगलेच झाले. दगडीच्या दुधाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

पशुसंवर्धन खाते आणि दूध संघांना माझे सांगणे एवढेच आहे. संकलन केंद्रांवर अँटिबायोटिक तपासण्याच्या पट्ट्या ठेवा. ट्यूब देताना किती दिवस दूध वेगळे ठेवायचे ते लिहून द्या, आणि सीमाभागात ते कन्नडबरोबर मराठीतही द्या. औषधाच्या वेष्टणावरची बारीक इंग्रजी अक्षरे म्हातारीने कशी वाचायची? धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवले तर दगडीच कमी होते, हेही गावोगावी करून दाखवा. आणि ते दूध रेडकाला नको, गटारातही नको. शेणात मिसळून उकिरड्यात मुरू द्यावे आणि खत नीट कुजल्यावरच रानात टाकावे. त्याने औषधाचा अंश पूर्ण जाईल असे नाही, पण बराच कमी होतो. राहिला प्रश्न वाया गेलेल्या दुधाच्या पैशांचा. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला तो सोसत नाही, म्हणून निदान नोंदवलेल्या उपचाराच्या दिवसांपुरती काही भरपाई दूध संघाने द्यावी. ती मिळाली तर लपवाछपवीही थांबेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. निपाणी