वह्या माझ्याकडे आहेत

पुणे, १२ जुलै

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, हे आई आधी विचारणार. फोनवर बाबा “हं, बरं” म्हणून फोन तुझ्याकडे देतात, तू जेवलीस का विचारतेस, आणि मूळ गोष्ट राहून जाते. गेले तीन रविवार असंच झालं. बाबा, वाचताना नवा चष्मा लावा. जुन्याची काडी दोऱ्याने बांधून वापरायची गरज नाही.

आधी पॉलिसीचं. तुम्ही दोघं ज्या ऑफिसच्या पॉलिसीत होतात ती संपली. पण संपायच्या आधीच मी ती त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत वळवून घेतली आहे. आईची साखर आणि बाबांचं बीपी या जुन्या आजारांसाठी जी थांबायची मुदत असते, ती त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून मोजली जाणार नाही. हप्ता भरलाय. नवी कार्डं याच लिफाफ्यात आहेत, ती गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. देवांच्या तसबिरीमागे नको, मागचं कार्ड तिथून अजून निघायचंय.

बाबांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. हो, नोकरी सोडली. ३० जूनला शेवटचा दिवस झाला. मला कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही, तब्येतीला काही झालेलं नाही. जावयांशी सगळं बोलून केलंय. घराचा हप्ता त्यांच्या पगारातून जातो, आणि वर्षभराचा खर्च मी बाजूला काढून ठेवलाय. तुमच्याकडे दर महिन्याला येतात ते पैसे तसेच येतील. “आता आम्हाला नको” असं म्हणून परत पाठवलेत तर मी पुढच्या गाडीने कराडला येऊन भांडेन. वर्षभरात जमलं नाही तर पुन्हा नोकरी शोधीन. चौदा वर्षं काम केलंय, कोणीतरी घेईलच.

सोडली कशासाठी, ते सांगायला जरा धीर गोळा करावा लागतोय. पाडव्याला मी एक वेबसाइट सुरू केली. दुरुस्तीची. म्हणजे दुकान नव्हे. ज्याचं काही बिघडलंय त्याने मराठीत विचारायचं आणि ज्याला येतं त्याने मराठीत सांगायचं. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, रेडिओ, पाण्याची मोटर. हे व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही, असं दादाने विचारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आज दिलेलं उत्तर उद्या वर सरकून जातं आणि परवा तोच प्रश्न पुन्हा येतो. इथे ते राहतं. पाच वर्षांनी कुणाचा मिक्सर ठिणग्या टाकायला लागला तरी कार्बन ब्रश कसा बदलायचा ते सापडेल.

असलं काही चालतं का, असं तुम्ही म्हणाल. कॅलिफोर्नियात दोन कॉलेजच्या पोरांनी २००३ मध्ये हॉस्टेलच्या खोलीतून ‘आयफिक्सइट’ सुरू केलं, एका लॅपटॉपच्या दुरुस्तीचं पुस्तक मिळेना म्हणून. आज जगभरचे लोक ते वाचून वस्तू उघडतात. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला एका बाईने ‘रिपेअर कॅफे’ भरवला, लोक मोडक्या वस्तू घेऊन आले आणि शेजाऱ्यांनी त्या नीट करून दिल्या, आता ते देशोदेशी भरतात. आणि नुसत्या मराठी बोलण्यावर साइट टिकते का म्हणाल, तर ‘मायबोली’ १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली, ती अजून चालू आहे. तेव्हा तर नेटवर मराठी उमटवायचं हीच एक कटकट होती. हे सगळं मी तुम्हाला पटवायला लिहितेय की स्वतःला, ते मला ठाऊक नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते. बाबा, दिवाळीत माळ्यावरून मी तुमच्या दुकानातल्या दुरुस्तीच्या वह्या नेल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, सहाच्या सहा. आईला माहीत होतं, पण तिला मीच गप्प बसायला सांगितलं होतं, तिच्यावर चिडू नका. पावसाळ्यात वाळवी लागेल म्हणून नेल्या असं मी मनाशी म्हटलं, पण ते खोटं होतं. मला त्या हव्या होत्या.

झालं असं की साइट सुरू केली आणि कुणी बोलेचना. रिकाम्या पंगतीत पहिलं पान कुणाला नको असतं ना, तसं. तीन आठवड्यांत सात जण आले, त्यात मी, जावई, दादा आणि मामा. मामांनी “छान उपक्रम” एवढंच लिहिलं. अमेरिकेत ‘रेडिट’ नावाची प्रचंड मोठी साइट आहे. ती २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या मालकांनीच वेगवेगळ्या नावांनी लिहून गर्दी भासवली होती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. मलाही तो मोह झाला. एका रात्री चार खोटी नावं तयारही केली. मग तुम्ही दुकानात आरशाखाली लावलेली पाटी आठवली, “न बदललेल्या पार्टचे पैसे घेतले जात नाहीत”, आणि सकाळी ती नावं पुसली.

त्याऐवजी ‘बाबांची वही’ असं एकच नाव घेतलं. रोज रात्री वहीतलं एक पान टंकायचं. कोर्टातल्या साहेबांचा मर्फी रेडिओ: “घूं आवाज. फिल्टर कंडेन्सर वाळला. बदलला.” हेडमास्तरांच्या घरचा छताचा पंखा: “हळू फिरतो. कंडेन्सर अडीच एमएफडी. पैसे नाही घेतले.” अशी “पैसे नाही घेतले”ची किती पानं आहेत, ते आईला कळू देत नाही. तुमचं नाव, दुकानाचं नाव, गिऱ्हाइकांची नावं कुठेही घातलेली नाहीत. तरी विचारायला हवं होतं. चुकलंच. तुम्ही काढ म्हणालात तर त्याच दिवशी काढीन.

पण लोक त्या पानांवर आले, बाबा. बीडचा एक वायरमन आला. मालवणहून एक निवृत्त पोस्टमास्तर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ पार्ट विकणारे एक जण रात्री दुकान बंद करून उत्तरं देत बसतात. पान टंकताना मला सोल्डरिंगच्या राळेचा वास यायचा, खरंच. मी शाळेतून थेट दुकानात येऊन बाकावर झोपायचे, सांगली केंद्र लागलेलं असायचं आणि तुम्ही माझ्या डोक्याखाली रेडिओच्या कव्हराचं कापड घडी करून ठेवायचात. त्या कापडाचा खरखरीत काठ अजून गालाला आठवतो.

आता आई, तुझं. रागावू नकोस, पण तूही आहेस त्यात. मेमध्ये मी फोनवर सहज विचारलं होतं ना, मशीनवर शिवताना कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं, काय करायचं? तू भाजी चिरता चिरता म्हणालीस, “खाली जाळं होतं तेव्हा दोष वरच्या दोऱ्यात असतो. सगळ्या बायका बॉबिनच्या मागे लागतात.” मी तेवढं एकच वाक्य टाकलं. त्यावर जेवढ्या बायका आल्या, तेवढी माणसं बाबांच्या सगळ्या पानांवर मिळून आली नव्हती. आता शिलाई मशीनचा विभाग सगळ्यात बोलका आहे. कुणी बॉबिन नीट बसवत नाही, कुणी सुईची सपाट बाजू चुकीच्या अंगाला लावते, आणि सगळ्या एकमेकींना सांगतात. बाबांना हे हळूच सांग, किंवा नकोच सांगूस. वाचतीलच म्हणा.

अर्थात सगळेच बोलत नाहीत. याकोब नीलसन म्हणून एकाने २००६ मध्ये मांडलं होतं की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण कधीमधी लिहितात आणि खरा भार एकच उचलतो. भजनी मंडळात तरी वेगळं काय असतं? मी त्या नव्वदांवर चिडणं सोडून दिलंय. भांडणंही होतात. जुन्या रेडिओतला मूळ कंडेन्सर ठेवायचा की बदलायचा, यावर मालवण आणि बीड आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मध्ये जुगाराच्या जाहिराती टाकणारी टोळी घुसली, ती काढण्यात दोन रात्री गेल्या. नोकरी करून हे होत नव्हतं, त्याचं हेही एक कारण. रात्री दोनला कुणीतरी वीज चालू ठेवून आत हात घालायचा सल्ला देतो आणि मी सकाळी दहापर्यंत मीटिंगमध्ये, असं एकदा झालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून तुमचे दोन नियम सगळ्यात वर लावलेत. पहिला, मेन स्विच बंद केल्याशिवाय पेचकस हातात घ्यायचा नाही. दुसरा, चालू सेट तपासायचाच असेल तर एक हात खिशात. लोकांना वाटलं गंमत आहे. दोन हातांतून करंट छातीतून जातो, हे मालवणच्या काकांनी मग समजावून सांगितलं. मायक्रोवेव्ह उघडायचे प्रश्न मी घेतच नाही, वायर काढून ठेवली तरी त्याचा कंडेन्सर माणूस मारू शकतो.

पैसे कुठून येणार, हे अजून ठरायचंय. जाहिराती नकोत एवढं ठरलंय. पार्ट विकणाऱ्यांकडून यादीत नाव लावायचे थोडे पैसे घेता येतील असं वाटतं. याबद्दल आत्ता विचारू नका.

तर आता ऐका. बाबा, स्टुलावर चढून ट्यूब बदलायची नाही, त्यासाठी खालच्या मुलाला हाक मारायची. हात थरथरतो ही लाजायची गोष्ट नाही, डॉक्टरांना या वेळी तरी सांगा. गोळी सकाळची सकाळीच. आई, साखर तपासायचं मशीन कपाटात ठेवायला दिलेलं नाही, आणि उपासाला साबुदाणा बंद म्हणजे बंद. गॅसची नळी बदलायला झाली असेल, तिच्यावरची तारीख वाचून मला फोटो पाठव. आत्याला नोकरीचं मी स्वतः सांगेन, तुम्ही गणपतीपर्यंत काही बोलू नका. गणपतीला मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतेय आणि यंदा रजा मोजायची नसल्याने विसर्जनापर्यंत राहणार. वह्याही आणते.

एक काम मात्र त्याआधी हवं. मालवणच्या काकांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा डायलचा दोरा तुटलाय. नवा आणलाय, पण ड्रमवरून कुठून कसा फिरवायचा ते कुणालाच सांगता येत नाहीये. तिसऱ्या वहीत तुम्ही आकृती काढलीय, पण तिच्या बरोब्बर निम्म्यावर चहाचा डाग आहे. डाग माझ्याच कपाचा, मी पाचवीत होते, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नव्हता. स्प्रिंगपाशी सुरुवात दिसते, खुंटीवर तीन वेढे दिसतात, मग दोरा डागात शिरतो आणि काट्यापाशीच बाहेर येतो. मधलं पान कोरं. सोबत पोस्टकार्ड ठेवलंय. रेघ वाकडी आली तरी चालेल, पण काढून पाठवा. काका रोज विचारतात.

तुमची,
चिमी