मोत्याचा उन्हाळा

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर आई मला कैऱ्या दाखवत होती, पण माझं लक्ष मागच्या आवाजाकडे होतं. मोत्या पंख्याखाली पडल्या पडल्या धापा टाकत होता. बाबा म्हणाले, "उन्हाळा आहे, कुत्रं जीभ काढणारच." काढणारच. पण लॅब्रॅडॉरची १३ वर्षं म्हणजे माणसाच्या वयाच्या हिशेबात तो तुमच्याहून थोरला झालाय, बाबा.

पंख्याचं आधी सांगते. पंखा आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. मोत्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, नावापुरता. त्यामुळे अकोल्यातल्या ४४ डिग्रीत नुसता पंखा म्हणजे त्याच्या अंगावर गरम हवा. त्याचं पोट, जांघा आणि पंजे माठातल्या पाण्याने ओले करा, मग पंखा उपयोगाचा. ओला टॉवेल मात्र अंगावर टाकून ठेवू नका, थोड्या वेळात तो गरम होऊन पांघरुणासारखा वागतो. त्यापेक्षा ओलं गोणपाट खाली अंथरा.

आणि कूलर. दुपारी मी फोन करते तेव्हा तो कधीच चालू नसतो, मला आवाजावरून कळतं. यंदा त्याचं गवत बदललंत का? कूलर लावलात की समोरची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि दमट हवेत मोत्याला धापा टाकूनही गार होता येत नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर तर कूलरचा काही उपयोगच नाही. तेव्हा मधल्या खोलीतला एसी लावायचा. बिल मी भरते, यावर वाद नको.

तो मोरीत जाऊन झोपतो म्हणून बाबा त्याला हाकलतात. नका हाकलू. घरातली सगळ्यात गार फरशी त्याने स्वतः शोधली आहे. फक्त त्याचे मागचे पाय ओल्या फरशीवर फाकतात, मार्चमध्ये मी पाहिलं. उठताना तीनदा घसरला आणि मग कुणी बघत तर नाही ना, असं इकडेतिकडे पाहिलं त्याने. दारापासून आतपर्यंत जुनी सतरंजी टाका. पाण्याचं भांडं तीन ठिकाणी ठेवा. हल्ली तहान लागली तरी उठायचा कंटाळा करतो तो.

आता भांडणाचा मुद्दा. बाबा, संध्याकाळी पाचला फिरायला न्यायचं बंद. पायात चपला असतात म्हणून तुम्हाला कळत नाही. पालथा हात डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. तो नाही म्हणणार नाही, हीच तर पंचाईत आहे. तुमच्या हातात पट्टा दिसला की तो कसाही असला तरी उठतो. सकाळी सहाच्या आत आणि रात्री जेवणं झाल्यावर, तेही कडुनिंबापर्यंतच.

त्याचं भुंकणं घोगरं झालंय, हे तुमच्या लक्षात आलं का? आपण "म्हातारा झाला" म्हणून हसलो होतो. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये कधी कधी घशातला श्वासाचा पडदा नीट उघडत नाही, आवाज बसतो आणि धाप लागते. उन्हात हे जिवावर बेतू शकतं. नवतपा सुरू व्हायच्या आत डॉक्टरांना दाखवा. त्याच्या हृदयाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा, लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात पाण्याकडे आणखी लक्ष द्यावं लागतं.

शेजारच्या काकू लू लागू नये म्हणून कांदा सुचवतील. तुम्ही खुशाल खिशात ठेवा, मोत्याला चाटायलाही देऊ नका. कुत्र्यांना कांदा विषारी. आई, आंब्याच्या कोयी झाकणाच्या डब्यात टाक. गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनच करावं लागतं. आणि त्याचे केस भादरायचे नाहीत, बाबा. तेच केस ऊन अडवतात. रोज विंचरलं तरी पुरे, गळणारे केस निघून जातात.

थर्मामीटर कुरिअरने पाठवलाय. मागून लावायचा, शेपटी धरायचं काम आईचं. १०१ ते १०२.५ असेल तर ठीक. १०४ च्या वर गेला, हिरड्या लालभडक दिसल्या, लाळेच्या तारा लोंबू लागल्या किंवा चालताना झोकांड्या गेल्या, तर मला फोन करत बसू नका. नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि थेट डॉक्टरांकडे. बर्फ नको, क्रोसिन तर अजिबात नको.

मी २३ तारखेला रात्रीच्या गाडीने निघते. स्टेशनवर मोत्याला आणू नका. मला बघून तो नाचेल आणि मग रात्रभर धापा टाकत बसेल.

तुमची,
छकुली

ता. क. – वरचं सगळं, मोरीत झोपणं सोडून, बाबांनाही लागू.