विसावा खोखा

नागपूर, रविवार

प्रिय बाळ्या,

सहा महिने पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच. टेक्सासहून येऊन दहा दिवस झाले, इकडे ऊन 44 ला टेकलंय. जे सांगायचंय ते घरात बोलायची सोय नाही.

मंदारनं बंदूक घेतली. साधीसुधी नाही बे, एफएएल! आपल्या ईशापूर कारखान्याच्या एसएलआर रायफलची बेल्जियन थोरली बहीण. तीच 7.62 ची गोळी, वीसची मॅगझिन, वजन चार किलोच्या वर. आपल्याकडे अशी चीज साध्या माणसाला लायसनवर मिळत नाही. यानं फॉर्म भरला, दुकानदारानं चौकशी केली, आणि बंदूक डिकीत टाकून हा घरी.

रेंजवर खांद्याला लावली आणि डावा हात आपोआप कॉकिंग हँडलवर गेला. चाळीस वर्षांनी! आधी बोल्ट मागे ढकलणारा गॅस जमवावा लागला. रेग्युलेटर पूर्ण मोकळा, मॅगझिनमध्ये एकच गोळी. उडवल्यावर बोल्ट मागे अडकला नाही की एक खटका घट्ट, पुन्हा एक गोळी. पाचव्या खेपेला अडकला, मग वर दोन खटके जास्तीचे. कामठीच्या ट्रेनिंगमध्ये उस्तादानं त्या रेग्युलेटरच्या रिंगला आपल्याला बोटही लावू दिलं नव्हतं. तेव्हा खांदा निळा झाला होता, आता नुसता ढकलल्यासारखा वाटला. अर्थात तेव्हा आपण पन्नास किलोचे होतो. शंभर यार्डांवर पहिल्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. (तुझं ग्रुपिंग शेजाऱ्याच्या टार्गेटवर होतं, विसरलो नाही.)

वीस संपल्या आणि मी गुडघ्यावर बसून रिकाम्या काडतुसांचे खोखे मोजायला लागलो. एकोणीस! छातीत धस्स झालं. मंदार म्हणतो, "बाबा, इथे कोणी हिशेब मागत नाही." तरी मी खडीत अर्धा तास शोधत होतो. कामठीला एका खोख्यापायी अख्खी प्लाटून चार वाजेपर्यंत गवत चाळत होती, आणि तो तूच ढापला होतास. माझं मत अजून तेच आहे.

विसावा घरी सापडला. बॅगेत उडून पडला असणार. निनाद तो तोंडात धरून शिट्टी वाजवत होता.

चार वर्षांचं पोर रे. हिसकावला तसा रडला. सून म्हणाली, रिकामाच तर आहे. शिसं असतं, त्याचे हात-तोंड धुवा, एवढंच बोललो. बोलायचं होतं वेगळंच. बंदुकीच्या कपाटाला कुलूप आहे, पण किल्ली चहाच्या डब्यामागे. आणि बिस्किटांसाठी तो फळीवर चढतो, ते मी स्वतः पाहिलंय. पण दिवसभर दात काढत होतो मी, मग कोणत्या तोंडानं बोलू? रात्री मंदारनं विचारलं, उद्या परत जायचं? हो म्हणालो. गेलो. चाळीस गोळ्या उडवल्या.

आता व्हिडिओ कॉलवर पोराकडे कमी आणि मागच्या फळीकडे जास्त बघतो. आमची ही म्हणते, तुमचं लक्ष कुठं असतं? तिला सांगितलं तर ती पहिलं विमान पकडेल. तू असतास तर मंदारला तिथल्या तिथे झापला असतास, मग तर्री पोहे खाऊन विसरलाही असतास. मला ते जमत नाही.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींचा गुडघा? लंबू भेटतो का? कळव.

पुढच्या रविवारच्या आत लिही, मंदारशी कसं बोलू ते. फोन नको करू, हिचे कान तिखट आहेत. आणि तो कामठीचा खोखा अजून टेबलाच्या खणात असेल तर फेकून दे बे. सुट्टीत नातवंडं येतात तुझ्याकडे.

तुझा,
दिल्या